साहेबांचं पान

माझा जन्म कासुर्डीचा. यवतजवळ, सोलापूर हायवेला लागून गाव हाय, आता तिथं ढाबे आन् गोदामं झालीत, तवा नुसता माळ होता. आम्ही धनगर. आजोबांनी जमीन धरली आन् मेंढरं गेली, पण वडील शेवटपर्यंत सकाळी उठले की आधी वाड्याकडं बघायचे, मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडं. घरात अक्षर वळखणारा मी पहिला. काय सांगू तुम्हाला, त्याचं एवढं कौतुक, पाहुणे आले की वडील कुठूनतरी पेपरचा तुकडा आणायचे आन् म्हणायचे, वाच रे. मी वाचायचो आन् पाहुणे माना हलवायचे.

इंग्रजी पाचवीला सुरू झालं. आमच्या गुरुजींना ते फारसं येत नसावं. ते एक ओळ म्हणायचे, आम्ही सगळी पोरं ती ओरडून म्हणायचो, परत म्हणायचो, परत म्हणायचो. अर्थ कुणी विचारला न्हाई आन् कुणी सांगितला न्हाई. माझं पाठांतर दांडगं, म्हणून मी हुशार. त्या पाठांतरावर मॅट्रिक झालो, डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आन् सगळी नोकरी शिरूर तालुक्यातच काढली. पुढं पहिलीपासून इंग्रजी आलं तवा तेही माझ्याकडंच आलं, कारण दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं.

आता साहेबांचं पान म्हंजी काय ते सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. शाळा तपासायला साहेब यायचे. त्याच्या आधी पंधरा दिवस आम्ही प्रत्येक वर्गाचं एक पान ठरवायचो. ते पान पोरांकडून रोज घोकून घ्यायचं, शब्दांखालून बोट कसं सरकवायचं तेही शिकवायचं, आन् पुस्तक त्याच पानावर इतक्यांदा दाबून उघडायचं की त्याची शिवण तिथं मोडायची, मग साहेबांनी कुठूनही उघडलं तरी पुस्तक आपसूक तेच पान दाखवायचं. साहेब म्हणायचे, वाच बाळ. पोर बोट सरकवत खडाखडा म्हणायचं. साहेब शेरा लिहायचे, वाचन उत्तम. साहेबही एकेकाळचे मास्तरच, त्यांना माहीत नसेल असं थोडंच हाय. सगळ्यांना माहीत होतं. पोरांनाच तेवढं माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं आपल्याला वाचता येतंय.

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. माझ्या वर्गाचं पान कधी अडलं न्हाई.

रिटायर झाल्यावर आम्ही शिरूरमध्येच फ्लॅट घेतला, एसटी डेपोच्या मागं. मी आन् कमल, माझी बायको, दोघंच. वरच्या मजल्यावर एक चिनी कुटुंब भाड्यानं राहायला आलं. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत नवरा इंजिनिअर, बायको तिथंच ऑफिसात, आन् त्यांची एक मुलगी. बाईला आम्ही चेनबाई म्हणायचो. मुलीचं नाव मेई, सात वर्षांची. बिल्डिंगमधल्या बाया आधी दार किलकिलं करून बघायच्या, काय खात असतील गं ही लोकं. कमल म्हणाली, काय न्हाई, भात खातात, तुमच्यापेक्षा दोन घास जास्तच खातात, मी बघून आले.

एका रविवारी चेनबाई मुलीला घेऊन आमच्या दारात आली. मोबाईल तोंडापुढं धरून आपल्या भाषेत काहीतरी बोलली आन् मोबाईल हिंदीत म्हणाला, आदरणीय शिक्षक महोदय, कृपया मेरी पुत्री को अंग्रेजी पढ़ना सिखाइए. कमलला हसू आवरेना. म्हणाली, अहो महोदय, त्यांना आधी बसा तर म्हणा. मग मोबाईलकडून सगळं कळलं. वाघोलीच्या अलीकडं एक मोठी इंग्रजी शाळा हाय, कंपनीची गाडी तिथवर जाते. त्या शाळेत जूनमध्ये मुलीला घ्यायचं तर तिला इंग्रजी वाचता आलं पाहिजे, शाळा समोर बसवून वाचून घेते. प्रवेश झाला न्हाई तर मुलीला चीनमध्ये आजीकडं पाठवावं लागणार, कारण इथं तिला दुसरी कुठली शाळा जमणार न्हाई आन् ह्या दोघांना अजून तीन वर्षं हलता येत न्हाई. हे सांगताना बाईनं मुलीचा हात असा घट्ट धरला होता की मुलीनंच तो सोडवून घेतला. मी म्हणालो, काळजी करू नका, चौथीची पोरं खडाखडा वाचत होती माझी.

तवा डिसेंबर होता. मेई रोज पाच वाजता यायची. पोरगी विलक्षण होती हो. त्यांची लिपी आपल्यासारखी न्हाई, प्रत्येक शब्दाचं एक चित्रच असतं, ते अख्खं ध्यानात ठेवायचं, शंभरदा काढून. तिची आई तिला रोज चौकोनांची वही भरायला लावायची. त्यामुळं एकदा दाखवलेलं चित्र ती विसरायची न्हाई. मी इंग्रजी ओळ म्हणायचो, ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी अख्खं पान. आठवड्यात अख्खा धडा. कुठला शब्द कुठून फोडायचा, कुठल्या अक्षराचा आवाज काय, हे मी तिला कधी सांगितलं न्हाई. मला कुणी सांगितलं नव्हतं आन् तिनंही विचारलं न्हाई. इंग्रजी शब्दही तिच्या लेखी एकेक चित्रच होते, आन् ती चित्रंसुद्धा ती बघत नव्हती, माझा आवाज ध्यानात ठेवत होती.

गावात बातमी झाली. डेपोसमोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो की पोरं म्हणायची, काय आप्पा, चायनाला इंग्रजी शिकवताय म्हणं, आता अमेरिकेचं काय खरं न्हाई. मी वरवर चिडायचो. आतून बरं वाटायचं. रिटायर माणसाला कोण विचारतं?

चेनबाईनं एक वही दिली होती. दर शनिवारी त्यात मुलीची प्रगती लिहायची. मी लिहायचो, वाचन उत्तम. इंग्रजीत लिहायचो, खाली सही.

पहिल्यांदा वळखलं ते कमलनं. तिला सही सोडली तर अक्षर येत न्हाई. भाजी निवडत बसली होती. मेई गेल्यावर म्हणाली, अहो, ती पोर पुस्तकाकडं बघतच न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघती. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. म्हणाली, मला वाचायचं कळत न्हाई, बघायचं कळतंय. मी चार दिवस तिच्याशी धड बोललो न्हाई.

पण मनात किडा शिरला. एके दिवशी मी पाटीवर त्याच धड्यातले शब्द उलटेसुलटे लिहिले. पुस्तकात होतं, द डॉग रॅन टू द गेट. मी पाटीवर गेट आधी लिहिलं, डॉग शेवटी. म्हणालो, रीड. तिनं गेटवर बोट ठेवलं आन् हसत हसत म्हणाली, द डॉग रॅन टू द गेट. मी परत लिहिलं, वेगळं. परत तेच. पाटी पुसली. तवा मार्च सुरू होता. अजून दोन महिने हातात होते, हे मी मुद्दाम सांगतोय, ते लिहाच.

सुनंदा म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी हाय, आता ती स्वतः झेडपीच्या शाळेत शिक्षिका हाय. तिला बोलावलं. तिनं मेईला पाच मिनिटं बघितलं आन् मला म्हणाली, आप्पा, हिला एकाही अक्षराचा आवाज माहीत न्हाई. पहिल्यापासून घ्या. छोटे शब्द फोडून घ्या, आवाज जोडून घ्या, अनोळखी शब्द रोज द्या, दोन महिन्यांत येईल, ही तर कुशाग्र हाय. मी म्हणालो, तुम्हा नव्या लोकांची फॅडं. तूही माझ्या हाताखालीच शिकलीस की. ती म्हणाली, आप्पा, मला सहावीपर्यंत वाचता येत नव्हतं. तुमच्या वर्गात मी तीनदा साहेबांपुढं उभी राहिले. तुम्हाला कळलंच न्हाई.

ह्यानंतर माणूस काय करील? शहाणा असता तर दुसऱ्या दिवशी ए बी सी पासून सुरू केलं असतं. मी न्हाई केलं. पहिल्यापासून घ्यायचं तर चेनबाईला सांगावं लागणार होतं की वहीत मी लिहिलेलं सगळं खोटं हाय. टपरीवर सांगावं लागणार होतं. म्हणून मी मला येत होतं तेच केलं. त्या शाळेत ओळखीचा एक शिपाई निघाला, त्याच्याकडून काढलं की मुलांना वाचायला कुठलं पुस्तक देतात. ते पुस्तक मिळवलं, त्यातली कुत्र्याची गोष्ट ठरवली, तिची सुरुवात आमच्या धड्यासारखीच होती, आन् मेईकडून ती घोकून घेतली. शिवण मोडायची तेवढी राहिली, कारण परीक्षेला पुस्तक त्यांचं असणार होतं. शाळेनं शिकवणाऱ्याचं पत्र मागितलं, तेही दिलं. मुलीला स्वतंत्रपणे वाचता येतं, असं लिहून सही केली. ते पत्र बघून चेनबाईनं पुण्याची एक शिकवणी ठरवत आणलेली, ती रद्द केली.

परीक्षेच्या दिवशी मीही गाडीतून गेलो. मेईनं लाल रिबीन बांधली होती. खोलीला काचेचं दार होतं, आम्ही बाहेर बाकावर. आतल्या मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या, लेकराला बिस्किट दिलं. मग पुस्तक पुढं ठेवलं. मला काचेतून दिसलं, पानावर होडीचं चित्र होतं. दुसरंच पुस्तक होतं.

मेईनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. आन् सुरू केलं. द डॉग रॅन टू द गेट. खणखणीत आवाजात, एकही अडखळ न्हाई, बोट मी शिकवलं तसं सरकतंय, ओळ संपली की खालच्या ओळीवर. होडीच्या पानावर तिनं अख्खी कुत्र्याची गोष्ट म्हटली. मॅडमनी मधे थांबवलं न्हाई, शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर मेईनं मान वळवून काचेतून माझ्याकडं बघितलं आन् हसली.

परतीच्या गाडीत चेनबाई मुलीशी बराच वेळ काहीतरी बोलत होती, आवाज चढत गेला. मुलगी आधी उत्तर देत होती, मग रडायला लागली. कोरेगाव भीमाच्या पुढं बाईनं मोबाईल माझ्याकडं केला. तो म्हणाला, क्षमा करें शिक्षक महोदय, आपने बहुत परिश्रम किया, मेरी पुत्री की बुद्धि अच्छी नहीं है. तवा बोलायला पाहिजे होतं. मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली की न्हाई म्हणून, मलाही सांगता यायचं न्हाई, पण बाईनं व्हय असाच अर्थ घेतला आन् मी तो घेऊ दिला.

प्रवेश झाला न्हाई. जूनमध्ये मेई चीनला आजीकडं गेली. जाताना खाली येऊन कमलच्या कमरेला मिठी मारली. मी बाथरूममध्ये जाऊन बसलो होतो.

चार महिने मी वरच्या जिन्याकडं फिरकलो न्हाई. कमल एकदाच म्हणाली, तुम्ही मराल आन् ती पोर जन्मभर स्वतःला मठ्ठ समजंल. मागच्या आठवड्यात गेलो वर. मोबाईलमध्ये सगळं सांगितलं, पाटीचं, सुनंदाचं, वहीचं, पत्राचं. मोबाईल ते त्यांच्या भाषेत बोलत गेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, बाईचं तोंड तेवढं दिसत होतं. ती रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. मोबाईलमधूनच तिनं सांगितलं. तिथल्या शाळेतही इंग्रजी हाय, आन् इंग्रजीचा तास आला की मेई पोट दुखतंय म्हणते, आजी तिला घरी घेऊन जाते. मग म्हणाली, हे सगळं लिहून द्या. ती मोठी झाल्यावर मी तिला दाखवीन.

तीन दिवस कागद पुढं घेऊन बसलो. आयुष्यभर वाचन उत्तम लिहिणारा हात, न्हाई चालला. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही लिहा, मी सांगितलं तसंच, माझ्या बाजूनं काही गोड करू नका. माफी लिहू नका, लेकराकडं माफी मागितली तर ती द्यायचं ओझं तिच्यावरच पडतं. एवढंच लिहा की त्या मुलीचं डोकं तल्लख होतं आन् तिला शिकवणारा खोटा होता.

संध्याकाळी चेनबाई गॅलरीत बसून मुलीशी व्हिडिओवर बोलते. खाली आम्हाला मेईचा आवाज ऐकू येतो, कधी हसते, कधी भांडते. एक शब्द कळत न्हाई. कमल म्हणते, बरी दिसतीय आज. मी ऐकत बसतो. देवानं तिला चांगला मास्तर द्यावा, अजून वेळ गेलेली नसावी. आमचं काय, आमचं झालं.