साठाव्या वर्षीचं लायसन्स

परवा मी स्कूटरवर एकटी आरेला जाऊन आले, हे तुम्हाला सांगितलंच नाही ना? मुलुंडहून पवईमार्गे थेट. साठाव्या वर्षी लायसन्स काढलं, ते काय फक्त भाजी आणायला?

माझे वडील आरेच्या तबेल्यात कामाला होते. ती जागा बघायला उतरले, अर्धा तास झाडाखाली बसले, आणि निघताना स्कूटर सुरूच होईना.

मागून एक गृहस्थ बाइकवर आले, थांबले. "काकू, सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग गाडी कोणी आणली?"

"मीच."

त्यांनी बटण दाबून पाहिलं, चावी फिरवून पाहिली. "बॅटरी गेली. मेकॅनिक आता मरोळलाच मिळेल," म्हणाले. माझाही धीर सुटत चालला होता. तेवढ्यात खाली लक्ष गेलं.

"अहो, साइड स्टँड खाली आहे. तो वर घेतल्याशिवाय ही सुरू होत नाही."

स्टँड वर घेतला, बटण दाबलं, गाडी सुरू.

मला वाटलं, आता हे ओशाळतील. पण त्यांनी फोन काढून बायकोला लावला, आरेत काय झालं ते तिला सांगितलं आणि मला म्हणाले, "हिला स्कूटर घेऊन वर्ष झालं, भीतीने हात लावत नाही. तुम्ही बोला ना जरा."

मी फोन घेतला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही किती वर्षं चालवताय?"

"दोन महिने."

मग ती म्हणाली, "मी उद्या आरेत किती वाजता येऊ?"