बघून सांगा हो

...आणि वर नोकरीच्या मुलाखतीत मलाच विचारतात, "काका, गिऱ्हाइकांशी बोलायला जमेल ना?" जमेल ना? अहो, तुम्हाला सांगतो, त्याआधीच्या अकरा दिवसांत माझ्याशी एकच बाई बोलली होती आणि तीसुद्धा फोनमधली, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या..." मी तिचंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधेच फोन ठेवणं बरं दिसत नाही! ती व्यक्ती म्हणजे माझा मुलगा. तो सध्या कामात असतो. गेली चार वर्षं सध्याच चाललंय. बोलायला समोर माणूस लागतं की नाही? म्हणून तर नोकरी हवी होती. पेन्शन आहे हो, पण पेन्शनशी काय बोलणार?

आता अनुभव म्हणाल तर चौतीस वर्षं नकाशे काढले. रेघ केसभर वाकडी गेली तरी माझ्या डोळ्यांत खुपते. आणि दुकानात नेमकं हेच नडतं. पहिली नोकरी चपलाबुटांच्या दुकानात. एका गृहस्थांनी बूट घालून विचारलं, कसे वाटतात? म्हटलं, तुमचा उजवा पाय मोठा आहे, चावतील. ते गेले. मालक म्हणाले, तुम्हीपण जा. जेवणाचा डबा उघडलासुद्धा नव्हता! दुसरं पडद्यांचं दुकान, तिथं... जाऊ दे, त्यावर पडदाच बरा.

तिसरं हे कपड्यांचं, तीन मजली. मुलाखतीला मॅनेजरीणबाई, माझ्या सुनेच्या वयाच्या. बोलता बोलता उठल्या, अंगात नवा कोट चढवला आणि म्हणाल्या, काका, कसा दिसतोय? मी नेमका खाली वाकून पिशवीत चष्मा शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, छान. बाई खूश! म्हणे, अगदी असंच म्हणायचं, आमच्याकडे प्रत्येकाला सगळं छानच दिसतं. लागली नोकरी!

आता हे 'छान' आलं कुठून? एकतीस वर्षांच्या सवयीतून. बायको नवीन काही घालून समोर उभी राहायची आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून म्हणायचो, छान. ती म्हणायची, "बघून सांगा हो." मी म्हणायचो, बघितल्यासारखंच आहे. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ज्या शब्दावरून आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच शब्दावर नोकरी लागली, आणि ही गंमत सांगायची तर कुणाला? बोलायला समोर माणूस...

असो. मला उभं केलं तिसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या दाराशी. वाटलं, आता काय, दिवसभर माणसंच माणसं! कसलं काय... मी विचारायचं, किती कपडे? ते म्हणणार, तीन. संपला संवाद! बाहेर आले की आरशात स्वतःचा फोटो काढतात, कुणाला तरी पाठवतात, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत माझ्यासमोर गप्प उभे. मी 'छान' तोंडात धरून तयार, पण विचारतंय कोण?

आणि काल एक बाई आल्या. साठीच्या. एकट्या. निळा स्वेटर घालून बाहेर आल्या, आरशाकडे पाठ केली आणि मला म्हणाल्या, "कसा दिसतोय? बघून सांगा हो."

तुम्हाला सांगतो, 'छान' ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. चष्मा पुसला. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते केलं, गळ्यापासून बाह्यांच्या टोकापर्यंत नीट बघितलं आणि म्हणालो, डावा खांदा उतरतोय, निळा नको, तांबडा बघा. मग तांबडा, मग राखाडी, मग बटणांचा, मग परत निळा... पाऊण तास! त्यांच्या गुडघ्यांचं ऐकलं, माझ्या मुलाचं सांगितलं, दोघंही हसलो. किती दिवसांनी हसलो, विचारू नका. शेवटी सगळे स्वेटर माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "घ्यायचं काहीच नव्हतं हो. घरी विचारायला कुणी नाही. उद्या येऊ का?"

म्हटलं, या. अगदी अवश्य या.

मॅनेजरीणबाई लांबून बघत होत्या. ओरडल्या नाहीत, गोड हसल्या. म्हणाल्या, काका, उद्यापासून तुम्ही खाली, तळमजल्यावर, मोज्यांच्या विभागात.

आता तुम्हीच सांगा... मोजे घालून कोण विचारतं हो, कसे दिसतायत म्हणून?