कमलम्माच्या दाराला कुलूप

…आन् मिरचीच्या व्यापाऱ्याकडं — इथपर्यंतच ऐकलं बघा मी, शेषेराव भाऊसाहेब. तेवढ्यात टँकर आला, बायका घागरी घेऊन पळाल्या, पुढचं राहूनच गेलं. तुमच्या ऑफिसात कळलं असंल तर सांगा. काय — कमलम्मानं खाणावळ मोडली, धर्माबादेला मिरचीच्या व्यापाऱ्याकडं सैपाकाला राहिली? असं म्हणून राहिले का लोक. मग असंल. कुलूप तर दिसूनच राहिलं तुम्हाला. हलवून काय बघता, नवं हाय, आमच्या यांनीच आणलंय. आन् जरा हळू बोला — नात निजली माझी.

बसा की कट्ट्यावर. चहा टाकला असता, पण पाणी न्हाई. पाव खाऊन पोट बिघडलं म्हणं तुमचं? तोंड उतरलंय खरं. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लातूर जिल्हा झाला, ऑफिसं आली, ऑफिसामागं तुम्ही आलात बायकापोरं गावाकडं ठेवून — तवा मीच म्हणले होते कमलम्माला, अक्का, एकटी बाई तू, चार ताटं लाव, दिवस जातील. चाराची किती झाली, तुम्हीच बघितलं. तवापासनं चूल काय थंड झाली न्हाई, सणाला बी न्हाई. त्यात हा दुष्काळ. हापसा आटला, पहाटं उठून टँकरला उभी राहायची, आन् तिनं डोक्यावर आणलेल्या घागरीनं तुम्ही पाय धुवायचे — अख्ख्या घागरीनं, भाऊसाहेब, मी इथनं बघायची.

तुम्ही मात्र उन्हाळ्यात महिनाभर गावाकडं जाऊन आलात. गाल भरून आलते. ह्याच कट्ट्यावर बसून म्हणलात, जगदेवीबाई, लांब रजा घेतल्याबिगर माणसाचं डोकं चालत न्हाई, सरकारनं उगं दिली न्हाई ती. मला पटलं. लई पटलं. आत भाकरी थापून राहिलेली कमलम्मा, तिनं बी ऐकलं. म्हणून तर ताप भरला तवा तिनं तुम्हालाच विचारलं, दुसऱ्या कुणाला न्हाई — भाऊसाहेब, महिनाभर चूल बंद ठेवू का, अंगात तरारी न्हाई. तुम्ही ताटावरनं मान बी वर केली न्हाई. आठवतं का काय म्हणलात? मला आठवतं, मी कोथिंबीर मागायला दारात उभी होते. "कामात माणूस ताप विसरतो, कमलम्मा. वरण वाढ."

वाढलं तिनं. मग एक दिस चुलीपुढंच आडवी झाली, हात पिठाच्या परातीत तसाच. डॉक्टर म्हणाले, बाईला औषध कमी आन् झोप जास्त पायजे, महिनाभर उठवू नका. मी म्हणले, न्हाई उठवत. पण तिची खोड मला म्हाईत हाय. दार उघडं दिसलं की तुमच्यातलं कुणीतरी येणार, नुसती खिचडी टाक म्हणणार, आन् ती भिताड धरून उठणार. म्हणून मी बाहेरनं कुलूप — म्हंजे तिनंच लावलं. जाताना.

नात? कोणती नात? ती तर उदगीरला हाय, आईजवळ.

मांजर हाय ते. हाव, मांजर बी खोकतं.

…

बसा खाली. दाराला हात लावू नका म्हणते ना. आतच हाय ती. मागल्या दारानं पेज देते मी तिला, खाती आन् परत निजती. झोपेत हात हालतात, भाकरी थापल्यावानी — दोन्ही हात. तेवढे थांबू द्या. धर्माबादेचं अर्धं खरं हाय. तिचा भाऊ त्या मिरचीवाल्याकडं हमाल हाय, तब्येत धरली की न्यायला येणार हाय. सैपाकाला न्हाई, बसून खायला. परत येईल का, मला ठाऊक न्हाई. तिला बी न्हाई.

चावी? ही काय, कमरेला. देत न्हाई.

काय म्हणलात — नुसती खिचडी?

उठा. चपला हातात घ्या, वाजत्यात. ऑफिसात जाऊन बसा. कामात माणूस भूक विसरतो, भाऊसाहेब.