गाळलेलं दहावं प्रकरण

(दवाखान्याची खोली. पलंगावर बाबा. दोन बाजूंना मुलगा आणि मुलगी. दोघांच्या हातात एकाच फ्रेंच कादंबरीची दोन इंग्रजी भाषांतरं. आज मुलगा बाबांना आपल्यातलं मराठीत करून वाचून दाखवतोय.)

बाबा : थांब. तो भट्टीवाला काल मेला ना? मग आज कांदा कसा चिरतोय?

मुलगा : मेला? कुणी मारला त्याला?

बाबा : तुझ्या बहिणीने. काल संध्याकाळी.

मुलगी : मी नाही, लेखकाने. जहाज शनीच्या वाटेवर असताना बॉयलर फुटतो आणि तो जातो. सबंध दहावं प्रकरण त्यावर आहे.

मुलगा : माझ्यात बॉयलर फुटतो आणि त्याच्या भुवया जळतात. बस्स.

बाबा : नुसत्या भुवया?

मुलगा : उजवी तर बरीचशी वाचते.

मुलगी : आण बघू इकडे. दादा, हे जुनं भाषांतर आहे, मुलांसाठी कापलेलं. नवव्यानंतर सरळ अकरावं. प्रस्तावनेत कबूलही केलंय, कोवळ्या वाचकांना सोसणार नाही ते गाळलंय, बदललंय म्हणून.

बाबा : कोवळा म्हणजे मीच. दात नाहीत, तेव्हा बरोबर आहे.

मुलगा : आणि तुझंच खरं कशावरून? तुला कुठे फ्रेंच येतं?

मुलगी : तुला येतं?

बाबा : भांडू नका. मला वाटलंच होतं. हा माणूस काल मेला आणि आज उठून बसला. म्हटलं, कोळशावर शनी गाठणाऱ्यांना हेही जमत असेल. तुमच्या पाळ्यांमुळे झालं होय?

मुलगा : मी चहा आणतो.

बाबा : आण. घाई नाही.

मुलगी : पांघरूण नीट करू का, बाबा?

बाबा : गेला का तो?

मुलगी : गेला.

बाबा : परवा डॉक्टर तुम्हा दोघांशी इंग्रजीत किती वेळ बोलत होते. दादाने मला मराठीत सांगितलं : थोडी सूज आहे, आराम करा, मग घरी. एवढ्या बोलण्यातून एवढंच निघालं?

मुलगी : चहा येईल एवढ्यात.

बाबा : म्हणूनच म्हणतो, तुझ्यातलं लवकर वाच.

मुलगी : ...यकृतात पसरलंय. सगळीकडे. ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही.

बाबा : आणि घरी?

मुलगी : न्या म्हणाले. इथे ठेवून काही उपयोग नाही म्हणाले.

बाबा : म्हणजे तेवढं वाक्य त्याने अगदी शब्दाला शब्द आणलं होतं.

मुलगी : बाबा...

बाबा : चष्मा पूस. दादा येईल, दिसेल त्याला. आणि मला सांग, भट्टीवाला जाताना काही बोलला का?

मुलगी : उरलेला कोळसा कुठे आहे ते सांगितलं.

बाबा : बस्स?

मुलगी : आणि भट्टीच्या दाराची कडी सैल झालीय, जपून लावा, असं.

बाबा : शहाणा माणूस. दादाला यातलं काही कळू देऊ नकोस.

मुलगी : त्याला माहीत आहे, बाबा. तो होताच की तिथे.

बाबा : मला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. तेवढं राहू दे.

मुलगा : घ्या, साखर कमीच टाकायला लावलीय. काय गं, तुझे डोळे लाल का?

बाबा : बॉयलर फुटला तिच्यातला. तू बस.

मुलगा : मग आता हिच्यातलं ऐकायचंय का?

बाबा : नको. तुझ्यातलंच वाच. सावकाश वाच.