जेवणाच्या सुट्टीतली ओटी

मी बोरीची, जिंतूर तालुक्यातली. चौथीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी लगीन झालं. मालक परभणीला रोपवाटिकेत कामाला होते. त्यांनी लावलेलं झाड सहसा मरायचं न्हाई, म्हणून एका साहेबानं त्यांना गुजरातच्या नव्या राजधानीत नेलं, गांधीनगरला, सरकारी माळी म्हणून, आन् पाठोपाठ मी. आजोबा हैदराबादच्या गोष्टी सांगायचे, म्हणून मला वाटलं राजधानी म्हणजे तशीच गजबज असंल, मला गर्दीचंच भ्या वाटायलं होतं. आन् काय सांगू तुमाला, जाऊन बघते तर माणूसच न्हाई! रस्ता एवढा रुंद की पलीकडं जायला जीव धजंना, आन् गाडी तर एक येत न्हाई. घरं सगळी सारखी, गल्लीला नाव न्हाई, नुस्ता नंबर. आमच्या ओळीत बारा क्वार्टरं, त्यातली नऊ कुलूपबंद. बाबू लोक सकाळी अहमदाबादहून बशी भरून यायचे आन् संध्याकाळी बशी भरून परत जायचे. मी म्हणायचे, अहो, ही राजधानी हाय का आठवडी बाजार? मालक म्हणायचे, झाडं मोठी हू दे, सावलीला माणूस येतंय.

तिथंच मला दिवस गेले, पहिलंच. सातव्यात माहेरी जायचं, पाच सवाष्णींनी ओटी भरायची, ही आमची रीत. तर आईचं पत्र आलं, भावाच्या हातचं, की विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी पेटलंय, गरिबांची घरं जाळायलेत, यष्टी बंद हाय, तू येऊ नको, तिथंच ओटी भरून घे. आता तिथंच म्हणजे कुठं हो? शेजारी एक विधुर मास्तर आन् दुसऱ्या घरात दोन ड्रायव्हर, सडेफटिंग. थोरल्या बहिणीची ओटी राहून गेली होती आन् तिचं पहिलं लेकरू हाती लागलं न्हाई, ते माझ्या डोक्यातून जाईना. मी मालकाला म्हणलं, एवढी मोठी राजधानी बांधली, पाच सवाष्णी न्हाईत इथं?

ते म्हणाले, हाईत, पण दहा ते साडेपाच.

म्हणजे कचेरीतल्या बाया. दुपारच्या सुट्टीत त्या बागेत डबे खायला बसायच्या. दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या मागं मागं गेले. मालक आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाले, बेन, ओटी भरवी छे. त्यातल्या मंजुबेन म्हणून होत्या, जाड चष्म्याच्या, त्या म्हणाल्या, भाई, सरकारी ओटलो छे, आपण भरायचा न्हाई, अर्ज द्या. त्यांना वाटलं दारातल्या ओट्यात मुरूम भरायचाय! मालक म्हणतात, न्हाई न्हाई, बायकोची भरायचीय. तर त्या आणखीच घाबरल्या. मग मीच लाज सोडली, पदर पुढं पसरला, पोटावर हात ठेवला आन् सात बोटं दाखवली. मंजुबेन ओरडल्याच, अरे गांडी, खोळो भरवो छे एम बोल ने! खोळो म्हणजे आपली ओटीच, आन् गांडी म्हणजे येडी, हे मला मागून कळलं.

तिसऱ्या दिवशी सुट्टीत पाच जणी आमच्या क्वार्टरात आल्या, चपला दारात काढल्या आन् घड्याळाकडं बघत बघत ओटी भरली. गहू माझेच, नारळ मालकानं आणलेला. पाचवी बाई उशिरा पळत आली, तिला रीत ठाव न्हाई, तिनं गव्हासंगं डब्यातले दोन थेपले पदरात घातले. मी म्हणलं राहू द्या. त्या दिवसापसून मला झोप लागायली.

लेक झाली, चांगली धडधाकट. आता पंधराची हाय, माझ्याशी गुजरातीत भांडती. यंदा नामांतर बी झालं. मी बोरीला वर्षातून एकदा येते, चार दिवस राहते. तिकडं आमच्या ओळीतली कुलपं हळूहळू उघडली, पहिलं मंजुबेननीच उघडलं, म्हणाल्या बशीत उभं राहून कंबर मोडली. पलीकडचे काही नंबर अजून रिकामेच हाईत, त्यातल्या एखाद्यात नवी सून राहायला आली की मी न बोलावता जाते, विचारते, कितवा चाललाय गं?

मी शिकले न्हाई, मला काही कळत न्हाई, पण माझं वाईट झालं न्हाई. तुमची लेक बी कुठं लांब गेली, तर देवानं तिला पाच जणी द्याव्यात, अर्ध्या तासासाठी का हुईना.