सफरचंद टेबलावर आहे

वाचनालयाच्या काउंटरपाशी माझ्या पुढे एक वयस्क बाई उभ्या होत्या.

"इंग्रजीतून रशियन शिकवणारं आणखी काही आहे का हो?"

"मावशी, होती ती तिन्ही पुस्तकं तुम्हीच नेलीत की!"

"त्यांत हॉटेलात खोली कशी मागायची ते आहे. मला कशाला हवीय खोली? आणि फोनवरचं ते ॲप. त्याचं आपलं एकच, सफरचंद टेबलावर आहे."

"मग शब्दकोश न्या."

"नेला होता. सुनेला रशियनशिवाय काही येत नाही; एकेक शब्द जोडून तिची समजूत घालायला गेले, तर ती घाबरलीच."

"मुलाला बसवायचं ना मध्ये!"

"तोच असायचा मध्ये. गेला तो. महिना होईल आता."

"अरेरे. माफ करा हं, मावशी."

"ती रोज व्हिडिओ कॉल करते. आम्ही दोघी रडतो. रडून झालं की नुसत्या बघत बसतो एकमेकींकडे. काल अगदीच राहवेना, म्हणून म्हटलं, सफरचंद टेबलावर आहे."

"मग?"

"तिनं फोन फिरवून टेबल दाखवलं. सफरचंद कुठलं असायला? त्याचा चष्मा होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चष्म्याला काय म्हणतात, तिथवर ॲप अजून आलेलं नाही."