कुलूपबंद घरातली पावलं

मायला हे अजून खरं वाटत नाही, तुम्ही तरी ऐका. भूकंप टिपणारा माझा छोटा डबा आमच्या मागच्या खोलीत फरशीवर ठेवलेला असतो. जमीन हलली की माझ्या मोबाईलवरची रेषा उडते. भूकंप क्वचितच येतो, एरवी आमचीच पावलं दिसतात. जितकं पाऊल डब्याच्या जवळ, तितकी रेषा उंच. माय लंगडते, म्हणून तिचं एक पाऊल जड उमटतं, एक हलकं.

त्या दुपारी मी शहाद्याला मावशीकडे होते. रेषेवर कोणीतरी चालत होतं, अगदी सारख्या पावलांनी. मी मायला फोन लावला.

"माय, घरमा कोन शे?"

"कोनीच नही. मी आत्तेच वावरमाईन ऊनू, कुलूप उघाडी ऱ्हायनू."

"मझार जाऊ नको!"

"येडी व्हयनी का?" म्हणत ती आत गेली. रेषेवर एक जड, एक हलकं असं उमटत गेलं. सारखी पावलं थांबली.

"सगळं घर देखं. कोनीच नही."

"माय, आता हलू नको."

"तुन्हा डबाजवळच उभी शे, पोरी."

तिची पावलं खरंच थांबली होती. मग सारखी पावलं पुन्हा सुरू झाली, आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा उंच उमटत होतं.